चार चिमुकली पोटं आणि पहाटेची जीप

माझ्या दुकानात जुन्या चष्म्यांचा एक डबा आहे. लोक नवा चष्मा नाकावर चढवतात आणि जुना काउंटरवर विसरून जातात. मी तो डब्यात टाकतो. परत न्यायला कोणी येत नाही, फेकायला माझा हात धजत नाही. किस्स्यांचंही असंच होतं. सांगणारा सांगून मोकळा होतो, गोष्ट माझ्याकडे राहते. आता दोन्ही डबे भरलेत, म्हणून एक रिकामा करतो.

माझं घर सौंसरला, दुकान पांढुर्ण्याला. आमची चौघांची टोळी आहे. चौघांचं एकच ऑपरेशन झालंय, नागपूरला, गॅस्ट्रिक बायपास. म्हणजे पोटाचा अंड्याएवढा भाग वापरात ठेवायचा आणि आतड्याचा सुरुवातीचा तुकडा वगळून पुढे जोडून द्यायचं. गाव टाळून हायवे काढतात तसं. खाल्लेलं थोडंच मावतं आणि मावलेल्यातलंही सगळं अंगी लागत नाही. त्यामुळे वजन उतरतं, आणि त्याचमुळे लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह हे सगळं जन्मभर वरून द्यावं लागतं. "ऑपरेशन दोन तासांचं, नोकरी आयुष्यभराची," असं डाएटिशियन मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही हसलो होतो.

टोळीत सगळ्यात मोठे वामनराव, रिटायर्ड पटवारी. मग नगरपालिकेतल्या शीलाताई, ज्यांना आम्ही सगळेच घाबरतो. मग मी. आणि सगळ्यात लहान मोहगावची प्रतिभा, एकोणतीस वर्षांची. तिचा नवरा गजू स्वतःची जीप चालवतो, म्हणून तपासणीला आम्ही त्याच्याच जीपने जातो.

प्रतिभाचं प्रकरण आमच्यापेक्षा वेगळं होतं. आम्हाला गुडघे आणि शुगर वाचवायची होती, तिला मूल हवं होतं. ऑपरेशननंतर दीड वर्ष थांबा म्हणाले, ती थांबली. वजन स्थिर झालं. मग डॉक्टर म्हणाले, अंगात लोहाचा साठा नाही, आधी तो होऊ दे. सलाईनमधून लोह चढवलं की आकडा वर जायचा, आणि पुढच्या तपासणीला पुन्हा खाली. अशी तीन वर्षं गेली. ती रिपोर्टचा कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची. त्या वेळी मला तिच्याकडे बघवायचं नाही.

*

तपासणी उपाशीपोटी असते, म्हणून जीप पहाटेच निघते. वर्षातून दोनदा. फेब्रुवारीतली खेप मला फार आवडते. संत्र्याला आंब्या बहार आलेला असतो, बोरगावपर्यंत रस्ताभर धुकं आणि फुलांचा वास, आणि आम्ही चौघं रिकाम्या पोटी अर्धवट झोपेत. अशा वेळी कोणी खरं बोलत नाही आणि खोटंही बोलत नाही. सगळे स्वप्नं सांगतात!

ऑपरेशनवाल्यांना जेवणाची स्वप्नं पडतात, हे कोणत्याच फाइलीत लिहिलेलं नाही. पण पडतात. आमचा नियमच झाला, सौंसर सुटलं की प्रत्येकाने एक स्वप्न सांगायचं.

एकदा वामनरावांनी डोळे मिटूनच सुरू केलं.

"जामसांवलीले होतो मी. रोडग्याचा कार्यक्रम चालू होता. गोवऱ्यांचा धूर, कणकेचे रोडगे भाजून राहिले, वांग्याच्या भाजीचा वास सुटला. मी पंगतीत बसलो. आन् मारुतीराया, जे तिथं आडवे झोपलेले हायेत नं, ते उठून बसले. हातात वरणाची बादली घेतली आन् स्वतः वाढाले निघाले!"

"मंग?" गजूने जीपचा वेग कमी केला.

"एकेकाले वाढत वाढत माह्यापर्यंत आले. माह्याकडं पाह्यलं. म्हणे, पटवारी, तुहं तं झालं असंन! आन् परत जाऊन झोपले."

जीपमध्ये कोणी हसलं नाही. सगळ्यांना वाईट वाटलं.

मग शीलाताईंची पाळी. त्या म्हणाल्या, "मले जेवण दिसतच नाही. मले फक्त पाणी दिसते. उन्हातून घरी आली, माठातून लोटा भरला, आन् घटाघटा पेली. पूरा लोटा. एका दमात."

आम्ही घोट घोट पाणी पिणारी माणसं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि प्यायलं तरी चिमणीसारखं. तो लोटा चौघांच्याही गळ्यातून उतरला. 

*

आता माझा किस्सा. बोरगावला एका मित्राच्या मुलाचं लग्न होतं. आमचं जेवण म्हणजे एक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, मग चमचा खाली ठेवायचा, मग दुसरा घास. घाई केली की छातीत दगड बसल्यासारखं होतं. मी ताटात पाव वाटी डाळ, दोन चमचे पनीर आणि नखाएवढी पोळी घेतली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो.

मंडपात सनई चालू होती, पडद्यांमधून उन्हाचे पट्टे येत होते, मी चावत होतो. समोरचे लोक जेवून उठले, दुसरे बसले. मी चावत होतो. दुसरे उठले, तिसरे बसले. मला फार शांत वाटत होतं. चावता चावता माणूस ध्यानाला बसल्यासारखा होतो, हे या ऑपरेशनमुळेच मला कळलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको दारातच उभी, चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"तिघांचे फोन येऊन गेले," ती म्हणाली. "म्हणतात, तीन पंगती उठल्या पण तुमचे मिस्टर उठूनच नाही राहिले! ऑपरेशन फेल झालं का?"

*

वामनरावांना गोड चालत नाही. म्हणजे आवडतं, पण चालत नाही. आमच्या पोटाला थांबा नसतो, साखर थेट आतड्यात उतरते. मग घाम, धडधड, आणि अशी गुंगी की माणूस बसल्या जागी तरंगतो. मॅडम त्याला 'डम्पिंग' म्हणतात.

गेल्या पंधरा ऑगस्टला वामनराव एका शाळेत प्रमुख पाहुणे होते. झेंडा झाला, पोरांना जिलेबी वाटली. कोणीतरी पाहुण्यांपुढे बशी ठेवली. वामनरावांनी एक खाल्ली. आजूबाजूला शीलाताई नाहीत हे बघून दुसरीही खाल्ली. आणि तेवढ्यात भाषणासाठी नाव पुकारलं.

माइक धरून ते उभे राहिले. "विद्यार्थी मित्रांनो..." म्हणाले आणि थांबले. कपाळावर घाम. डोळे मिटलेले. दोन्ही हातांनी माइकचा दांडा घट्ट धरलेला. मैदानात शंभर-दीडशे पोरं चिडीचूप. वाऱ्यावर झेंड्याचा फडफड आवाज तेवढा येत होता. अशी पाच मिनिटं गेली. मग वामनरावांनी डोळे उघडले, "जय हिंद" म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या थांबेचनात! हेडमास्तर डोळे पुसत जवळ आले. "साहेब, एवढ्या वर्षांत असं भाषण आमच्या शाळेत झालं नाही. पुढच्या वर्षीही तुम्हीच या."

वामनराव मला नंतर हळूच म्हणाले, "भाऊ, त्या पाच मिनिटांत मी भाषण केलं होतं. लय चांगलं केलं होतं. फक्त कोणाले ऐकू गेलं नाही."

*

ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी माझं वजन पुन्हा वाढायला लागलं. अठ्ठ्याहत्तरवर स्थिर झालेला काटा पंच्याऐंशीवर गेला. मी ताटात काही वाढवलं नव्हतं, शपथेवर सांगतो. शीलाताईंनी फोनवर उलटतपासणी घेतली.

"भाऊ, दुकानात काय खाता?"

"काहीच नाही. कधीमधी मूठभर चिवडा."

"कधीमधी म्हणजे कितीदा?"

"आता ते कोण मोजते ताई!"

"तुम्ही मोजान. एक मूठ खाल्ली का चष्म्याची एक खाली फ्रेम काउंटरवर ठेवाची. संध्याकाळी मले सांगाचं."

दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. दुपारचं दुकान म्हणजे झोपाळू जागा. बाहेर ऊन, आत पंखा, भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं लहान लहान होत गेलेली. गिऱ्हाईक गेलं की हात चिवड्याच्या डब्यात. माझ्या लक्षातही येत नव्हतं. संध्याकाळी एक गृहस्थ आले आणि काउंटरकडे बघत राहिले. सतरा फ्रेमा ओळीने मांडलेल्या!

"अरे वा," ते म्हणाले, "सेल लावला का जी?"

मी चिवड्याचा डबा त्यांनाच देऊन टाकला. काटा एक्क्याऐंशीवर आला आणि अजून तिथेच आहे. शीलाताईंना तो अजून मान्य नाही.

*

आता प्रतिभाकडे येतो. तीन वर्षांपूर्वीची फेब्रुवारीची खेप. धुकं इतकं की गजू मान पुढे काढून जीप चालवत होता. तिघांची स्वप्नं सांगून झाली. प्रतिभा एरवी "मले नाही आठवत" म्हणून सुटायची. त्या दिवशी शीलाताईंनी सोडलं नाही.

ती काचेवर बोटाने रेघ ओढत म्हणाली, "लेकरू रडून राहिलं असं दिसते. दुसऱ्या खोलीत. मी उठतो, जातो, तं दार नाही सापडत. आन् आवाज पण बरोबर नाही येत, कारण का स्वयंपाकघरात आई खलबत्त्यात कुटून राहिल्या. खण खण खण. मी म्हणतो, आई, जरा थांबा, लेकरू कुठं हाय ते ऐकू द्या. पण त्या कुटतच राहतात."

आई म्हणजे तिची सासू, गिरजाबाई.  

शीलाताईंनी विचारलं, "काय कुटतात?"

"स्वप्नात का?"

"स्वप्नात नाही. खरोखर. रोज कुटतात का काही?"

"हो नं. माह्या गोळ्या."

वामनरावांनी डोळे उघडले.

"ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातच सांगितलं होतं नं, पहिला महिना गोळ्या बारीक करून द्या म्हणून," प्रतिभा सांगू लागली. "तेव्हापासून आई रोज सकाळी सगळ्या गोळ्या कुटतात आन् दुधात कालवून देतात. ग्लासभर. अर्धा तास लागते मले प्यायले. पाच वर्षांत एक दिवस चुकवलं नाही त्यांनी."

"सगळ्या? लोहाची आन् कॅल्शियमची एकाच ग्लासात?"

"हो. दुधात."

शीलाताईंनी कपाळावर हात मारला. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मधे दोन तास सोडायचे, लोह दुधासोबत नाही, चहासोबत नाही. कॅल्शियम आणि दूध लोहाला अंगी लागूच देत नाहीत. हे आम्हा तिघांना पाठ होतं, कारण आमचे डबे आम्हीच सांभाळतो. दवाखान्यात दर वेळी विचारायचे, "गोळ्या नियमित घेता ना?" प्रतिभा म्हणायची, "रोज." आणि ते अक्षरशः खरं होतं! पाच वर्षं ती म्हातारी सुनेच्या अंगात लोह जावं म्हणून जीव तोडून कुटत होती, आणि त्याच ग्लासात ते बुडवत होती.

गजूने जीप बाजूला घेतली आणि उतरून संत्र्याच्या बागेकडे तोंड करून उभा राहिला.  थोड्या वेळाने तो परत आला आणि म्हणाला, "आईले कसं सांगू जी?"

*

सांगितलं शीलाताईंनीच, मोहगावला जाऊन. गिरजाबाई चुलीपुढे बसून ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे माह्यामुळं?"

शीलाताई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. म्हणाल्या, "तुमच्यामुळं तिनं पाच वर्षांत एक गोळी चुकवली नाही काकू. फक्त टाइम बदलवाचा हाय."

टाइम! गिरजाबाईंना घड्याळ कळत नाही. पण त्यांनी आपलं वेळापत्रक बनवलं. सकाळी मंदिरातली आरती संपली की लोहाची गोळी, अर्ध्या लिंबाच्या पाण्यासोबत. चहा त्यानंतर दोन तासांनी, दूधवाल्याची फटफटी परत गेली की. आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्यांपैकी पहिली दुपारी जेवणानंतर, दुसरी समोरची शाळा सुटल्याची घंटा झाली की. दोन महिने एक चूक नाही.

मग मे महिना उजाडला. दुपारी गजूचा मला फोन. "भाऊ, घरी भांडण चालू हाय. आई म्हणते, शाळा सुटली नाही तोवर गोळी देत नाही. आता शाळा सुटनार कशी? सुट्ट्या लागल्या!"

शेवटी प्रतिभाने सासूच्या हातात पितळी ताट आणि पळी दिली. त्या दिवसापासून उन्हाळ्याच्या सुट्टीभर, उन्हं अंगणातल्या तुळशीपर्यंत आली की गिरजाबाई दारात उभ्या राहून ताट बडवायच्या. गल्लीतली पोरं खेळता खेळता थबकायची आणि घरी पळायची!

पुढच्या फेब्रुवारीत लोहाचा आकडा वर होता. ऑगस्टमध्येही तिथेच. सलाईनशिवाय. प्रतिभाने तो कागद घडी न करता पूर्ण प्रवासभर मांडीवर उघडा ठेवला. डॉक्टर म्हणाले, "आता हरकत नाही."

आणि मग तिचं वजन वाढायला लागलं. महिन्याला किलो, दीड किलो. काट्यावरचा आकडा वर गेला म्हणून पेढे वाटणारी टोळी तुम्ही कुठे पाहिली नसेल. वामनरावांनी पेढा हातात घेतला, वास घेतला, आणि शीलाताईंकडे बघून गजूला दिला.

*

मुलगी झाली. ठणठणीत. सहाव्या महिन्यात मोहगावला उष्टावण ठेवलं. अंगणात हिरवा मांडव, खाली सतरंज्या, सगळे पाहुणे गोल करून बसलेले. ढगाळ दुपार होती, उजेड दुधासारखा. मुलीला नवं झबलं घालून मामाच्या मांडीवर बसवलं होतं. चांदीच्या वाटीत खीर. प्रतिभा जवळच बसली होती, आणि ती इतकी सुंदर दिसत होती की मला दोनदा चष्मा पुसावा लागला.

मामाने पहिला घास दिला. मुलीने जीभ बाहेर काढली, चव घेतली, हसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा घास. तोही गेला. तिसऱ्याला तिने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"अरे, एवढंसंच?" कोणीतरी म्हणालं. "एक मामाच्या नावाचा!"

"एक मावशीच्या नावाचा!"

"नाक दाबा जरासं, तोंड उघडते!"

मामाने चमचा या गालाकडून नेला, त्या गालाकडून नेला. मुलगी मान फिरवत राहिली. तिचा चेहरा रडवेला झाला. प्रतिभा काही बोलणार होती, पण माहेरच्या आणि सासरच्या चाळीस माणसांपुढे तिचा आवाज निघेना. आम्ही तिघं एका ओळीत बसलो होतो. 'एवढंसंच?' हे आम्ही ऑपरेशनपासून प्रत्येक पंगतीत ऐकत आलोय. मी वामनरावांकडे पाहिलं. त्यांनी मुठी आवळल्या होत्या आणि त्यांचे ओठ त्या मुलीसारखेच मिटलेले होते.

तेवढ्यात गिरजाबाई उठल्या. गर्दीतून वाट काढत आल्या आणि मामाच्या हातातून वाटी घेतली.

"हां, आता आजीच्या नावाचा!" पाहुणे ओरडले.

गिरजाबाईंनी नातीकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. वाटी खाली ठेवली आणि तिच्यावर ताटली झाकली.

"झालं तिचं," त्या म्हणाल्या. "पोट तिचं हाय. तिले समजते."

 मामाने चमचा खाली ठेवला. मुलीने मोठा श्वास सोडला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपून गेली.

आणि वामनराव उठले. चौसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यावर हात टेकत, सगळ्यांच्या देखत सतरंजीवरून चालत गेला आणि गिरजाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो पटवारी साहेब!" गिरजाबाई घाबरून मागे सरकल्या. "काय करून राहिले जी! तुम्ही मोठे हाय नं माह्यापेक्षा!"

वामनराव काही उठेनात.